नंदोलोच्या मुलखात: मलावीतले सात दिवस

दिवस पहिला: लिलाँग्वे

मुंबईहून पहाटे निघाले, अदिस अबाबाला विमान बदललं आणि दुपारी मलावीची राजधानी लिलाँग्वेच्या कामुझू विमानतळावर उतरले. भाचा घ्यायला आला होता. लिंबेतल्या एका डाळमिलवर तो सहा वर्षांपासून व्यवस्थापक आहे, आणि फोन केला की एकच सांगायचा, "मावशी, एकदा येऊन बघ. आपल्या तुरीचं दुसरं टोक इथं आहे."

मी लातूर जिल्ह्यातली. एकतीस वर्षं कृषी खात्यात काढली. कृषी सहायक म्हणून लागले, मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. वरून आलेलं उद्दिष्ट गावात उतरवणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. त्यामुळे एक अख्खा देश आपल्या पोटाचं नियोजन कसं करतो ते शेताच्या बांधावर उभं राहून बघायचं होतं. ऑगस्ट २०२४ निवडला, कारण या दिवसांत तिथं तुरीची काढणी असते.

विमानतळाहून शहरात येताना दोन्ही बाजूंना मक्याची वाळलेली धाटं. काही शेतांतली धाटं कंबरेच्या वर गेलीच नव्हती. एल निनोच्या फटक्यानं यंदा ऐन भरात पाऊस उघडला, आणि मार्चमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चक्वेरा यांनी २८ पैकी २३ जिल्हे आपत्तीग्रस्त जाहीर केले. ऑक्टोबर ते मार्च या टंचाईच्या महिन्यांत सुमारे ५७ लाख लोकांना खायला कमी पडेल, असा अंदाज नुकताच आला होता. देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. रात्री बराच वेळ झोप लागली नाही. बहात्तर सालच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

दिवस दुसरा: कनेंगो

आजचा दिवस एका निवृत्त अधिकाऱ्यांबरोबर गेला. भाच्याच्या मालकांची ओळख. ते कृषी मंत्रालयात नियोजनाच्या कामात होते. साठीपलीकडचे, शांत, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी आधी मला शहराच्या उत्तरेला कनेंगोकडे नेलं आणि रस्त्यावरूनच धान्याचे उंच सायलो दाखवले. देशाचा राखीव मका इथं साठवतात.

"आमच्या नियोजनाची गोष्ट इथून सुरू करावी लागते," ते म्हणाले.

गोष्ट अशी. नव्वदच्या दशकात कर्ज देणाऱ्या संस्थांच्या सांगण्यावरून खताची जुनी सवलत बंद झाली. १९९८ मध्ये सरकारनं नवीन प्रयोग केला, स्टार्टर पॅक. देशातल्या सुमारे २८ लाख शेतकरी कुटुंबांना प्रत्येकी पाव एकराला पुरेल एवढं बी आणि खत फुकट. त्या पुड्यात मक्याबरोबर शेंगवर्गाचंही बी असायचं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मग पैसा आटला आणि पुडा लहान झाला, घरंही कमी झाली. त्यातच राखीव मका फार आहे, साठा ६० हजार टनांपर्यंत उतरवा, असा सल्ला बाहेरून आला. प्रत्यक्षात जवळजवळ सगळाच साठा विकला गेला. २००१ चं पीक कमी आलं आणि २००२ च्या सुरुवातीला, जुनं संपलेलं आणि नवं तयार नाही अशा महिन्यांत, लोक उपासमारीनं मेले. सायलो रिकामे होते.

एवढं बोलून ते थोडा वेळ गप्प बसले. त्या वर्षी ते नोकरीत होते.

२००५ मध्ये पुन्हा अवर्षण. देशाचा मका सुमारे १२ लाख टनांवर आला, गरज वीस लाखांच्या वर. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका हे अर्थतज्ज्ञ. त्यांनी कृषी खातं स्वतःकडे ठेवलं आणि देणगीदार देशांची नाराजी पत्करून खताची कुपनं वाटायला घेतली. ५० किलोची दोन पोती, एक पेरणीचं आणि एक युरिया, शिवाय संकरित बी. २००६ ला पीक २६ लाख टनांवर गेलं, २००७ ला त्याहून पुढे. पाऊसही त्या दोन वर्षी चांगला होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. शेजारच्या देशांना मका विकण्याइतका माल झाला, आणि आफ्रिकाभर मलावीचं नाव झालं.

२००३ मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला झालेल्या बैठकीत आफ्रिकी देशांनी ठरवलं होतं की अंदाजपत्रकातला किमान १० टक्के पैसा शेतीवर खर्च करायचा. दिलेला शब्द पाळणाऱ्या थोड्या देशांत मलावी होता. २०१० मध्ये मापुतोत ठरलेल्या आफ्रिकी शेती कार्यक्रमाखाली राष्ट्रीय करार झाला, २०१६ ला कृषी धोरण आलं, २०१८ ला राष्ट्रीय कृषी गुंतवणूक आराखडा, आणि २०२१ पासून 'मलावी २०६३' हे दूरचं स्वप्न. अधिकाऱ्यांच्या घरी या सगळ्यांच्या प्रती कपाटात नीट लावलेल्या होत्या. मी चाळल्या. पीक वैविध्य, सिंचन, बाजारपेठ, पोषण, सगळं त्यात आहे, आणि मन लावून लिहिलेलं आहे.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"दहा टक्के पूर्ण व्हायचे," ते म्हणाले, "पण त्यातला मोठा वाटा दोन पोत्यांत जायचा. विस्तार, संशोधन, पाणी यांना उरलेलं मिळायचं."

हे ऐकून मला आमचे मार्चअखेरचे दिवस आठवले. तरीही सांगते, पोतं देणं चूक होतं असं मला वाटत नाही. भुकेल्या घराला आधी मका लागतो. चूक असेल तर पोत्याशेजारी दुसरं काही उभंच राहू दिलं नाही, ही.

दिवस तिसरा: एम-१ रस्ता

लिलाँग्वे ते दक्षिणेतलं ब्लँटायर (लिंबे त्याचंच उपनगर), दिवसभराचा प्रवास. डेडझाच्या उंच भागात थंडी होती, स्वेटर घालावा लागला. रस्त्याकडेला बादल्यांत रचलेले बटाटे. पुढे काही मैल रस्ता सरहद्दीवरूनच जातो. डाव्या हाताची दुकानं मलावीत, उजव्या हाताची मोझांबिकमध्ये, आणि बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रस्ता ओलांडतात तसा देश ओलांडतात. भाचा म्हणाला, तूरही अशीच ये-जा करते. जिकडे भाव, तिकडे पोतं.

दिवस चौथा: लिंबे

मिलच्या फाटकातून आत शिरताच तो वास आला. तेल-पाण्याचा हात लावून वाळत घातलेल्या तुरीचा, थोडा उग्र, थोडा गोड. डोळे मिटले असते तर लातूरच्या एमआयडीसीत आहे असंच वाटलं असतं. चाळण्यांचा तोच आवाज, चुरीचे तसेच ढीग, आणि भाच्याच्या तोंडून ऐकून इथले कामगारही उत्तम प्रतीच्या डाळीला 'फटका' हाच शब्द बिनदिक्कत वापरतात.

इथं तुरीला नंदोलो म्हणतात. देशाच्या दक्षिणेत चिराडझुलू, फालोंबे, मुलांजे, थ्योलो या पट्ट्यात घरोघरी मक्यात नंदोलो असतोच. ते लोक खातात, पण पिकाचा मोठा भाग बाहेर जातो आणि त्याचं मुख्य गिऱ्हाईक आपण. रेल्वेनं मोझांबिकमधल्या नकाला बंदराकडे किंवा ट्रकनं तिथल्याच बैरा बंदराकडे, तिथून समुद्रमार्गे भारत. मलावीला स्वतःचा समुद्र नाही.

दुपारी भाच्यानं जुन्या खरेदीच्या वह्या काढल्या. तो इथं येण्याआधीच्या. २०१७ च्या वहीत ऑगस्टनंतरची पानं जवळपास कोरी होती.

मला त्या कोऱ्या पानांचं कारण माहीत होतं. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली. पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस झाला, आणि देशात सुमारे ४८ लाख टन तूर पिकली. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास विकायची पाळी आली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा. बारदाना नाही म्हणून काटा बंद. माझा धाकटा भाऊ अकरा दिवस रांगेत होता. त्याचा डबा मी स्वतः नेऊन दिला आहे. तेव्हा आम्ही सगळे एकच म्हणत होतो, बाहेरची तूर बंद करा. ५ ऑगस्ट २०१७ ला सरकारनं आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मला बरं वाटलं होतं.

इथं तो काढणीचा ऐन महिना होता. घरात आलेला माल घ्यायला कोणी नाही. मिलवरच्या एका जुन्या मुकादमानं सांगितलं, लोक डोक्यावर पोती घेऊन यायचे, फाटकाशी बसायचे आणि संध्याकाळी तीच पोती घेऊन परत जायचे.

त्या निर्णयाबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. आपल्या शेतकऱ्याला वाचवणं भागच होतं. पण पिकाआधी निदान एक हंगाम सांगून मर्यादा घालता आली असती, एवढं मला आता नक्की वाटतं. पेरणीनंतर बदललेला नियम पेरलेल्या माणसाला कुठंच पळू देत नाही, मग तो औशाचा असो की चिराडझुलूचा.

२०२१ मध्ये भारतानं मलावीशी करार केला, पाच वर्षं दरसाल ५० हजार टन तूर घेण्याचा. भाचा म्हणतो, त्यानंतर गाडी रुळावर आली.

दिवस पाचवा: चिक्वावा

ब्लँटायरहून घाट उतरून शिरे नदीच्या खोऱ्यात. वर गार वारा आणि खाली भट्टी. इथं कापिचिरा धरणापासून मोठ्या कालव्याचं काम चालू होतं; पूर्ण झाल्यावर सुमारे ४३ हजार हेक्टर भिजेल असा आराखडा आहे. काँक्रीटचं अस्तर घातलेला कालवा दूरपर्यंत कोरडा पसरला होता. जानेवारी २०२२ च्या आना वादळानं याच धरणाचं मोठं नुकसान केलं, आणि मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत हजाराहून अधिक माणसं नेली. एका पाठोपाठ एक वादळ, महापूर आणि मग अवर्षण. या क्रमानं कोणत्याही आराखड्याचे आकडे टिकणं अवघड आहे.

मलावी सरोवर एवढं अफाट, त्यातून शिरे बारमाही वाहते, आणि तरी बहुतेक शेती एका पावसावर. हे बघून जीव तुटतो. पण कालव्याकाठी भेटलेल्या माणसांना पाण्यापेक्षा जमिनीची काळजी जास्त होती. लहान तुकडे एकत्र करून गटानं कसायचं ठरतंय. उद्या आपला तुकडा कुठला, हे कसं कळणार? प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्याकडे धरण आधी झालं आणि पुनर्वसनाचे कागद लोक अजून हातात घेऊन फिरतात.

दिवस सहावा: चिराडझुलूतलं एक गाव

ज्यासाठी आले तो हा दिवस.

ब्लँटायरपासून फार लांब नाही, पण शेवटचा रस्ता कच्चा, लाल मातीचा. गावचे 'म्लांगिझी' वाटेत थांबले होते. म्लांगिझी म्हणजे सल्ला देणारा, आपला कृषी सहायक. तिशीचा मुलगा, मोटारसायकल, मागं बांधलेली फायलींची पिशवी. त्याच्याकडे किती कुटुंबं आहेत विचारलं तर म्हणाला, दोन हजारांच्या वर. मी त्याचा हात हातात घेतला. या कामाचं ओझं मला शब्दाशब्दाला कळत होतं.

ज्या बाईंच्या घरी गेलो त्या पन्नाशीच्या. नवरा वारलेला, घरात दोन मुली आणि तीन नातवंडं. त्यांनी गुडघे थोडे वाकवून, टाळी वाजवल्यासारखे हात जुळवून स्वागत केलं आणि मला 'मायी' म्हणून हाक मारली. इथं मायी म्हणजे आई, कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडेही माय म्हणजे आईच. म्लांगिझीनं ते चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या, आणि पुढचे दोन दिवस दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

जमीन दीड एकराला कमी. उतारावर हाताच्या कुदळीनं ओढलेले सरी-वरंबे. त्यांनी लावणीची पद्धत दाखवली: वरंबे पाऊण मीटरवर, वरंब्यावर वीतभर अंतरानं खड्डा, आणि खड्ड्यात मक्याचा एकच दाणा. पूर्वी एका खड्ड्यात तीन दाणे टाकायचे, अंतर जास्त ठेवायचे. खत मोजायला त्यांच्याकडे शीतपेयाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण. झाकणभर खत, दाण्यापासून दोन बोटं लांब. झाकणाच्या कडा वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. ते मी बराच वेळ हातात धरून बघत होते. देशाच्या अंदाजपत्रकातला एवढा मोठा पैसा शेवटी या झाकणातून मातीत जातो.

"यंदा पोती मिळाली?"

मिळाली नव्हती. जुन्या कुपनांच्या जागी २०२० पासून ओळखपत्रावर चालणारी नवी योजना आली. सुरुवातीला पस्तीस लाखांहून जास्त कुटुंबं तिच्यात होती. पैसा पुरेना म्हणून २०२३-२४ ला यादी १५ लाखांवर आली. या बाईंचं नाव त्या कपातीत गळालं. शेजारणीचं राहिलं. मग गावात जे होतं तेच झालं. मुखियांनी शेजारणीला सांगितलं, वाटून घ्या. एका पोत्याचे ताटानं मोजून चार वाटे झाले. कागदावर एक लाभार्थी, रानात चार. वरच्या कार्यालयात याला गळती म्हणतात. मला त्यात गावाचा न्याय दिसला. पण त्या चौथाईनं कोणाचंच पीक नीट पोसलं नाही हेही खरं, आणि म्लांगिझीच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

मका मेमध्येच निघाला. तीन पोती. पूर्वी अंगणात बांबूची, वरून गवतानं शाकारलेली कणगी असायची, न्खोक्वे. आता चोरीच्या भीतीनं पोती झोपायच्या खोलीत, उशाशी. तीनपैकी एक शिल्लक होतं. ऑगस्टमध्ये एक पोतं, आणि नवा मका एप्रिलशिवाय नाही.

शेतात मात्र नंदोलो उभा होता. मक्याबरोबर डिसेंबरात टोकलेला, मका करपला तरी मुळं खोल घालून राहिलेला, आता माणसाच्या डोक्याहून उंच. शेंगा वाळून खुळखुळत होत्या. मी दोन शेंगा फोडल्या. पांढरट, टपोरा दाणा. दोघी मुली विळ्यानं झाडं कापत होत्या आणि शेंगा झोडून झाल्यावर तुराट्यांच्या मोळ्या बांधत होत्या. सरपणाला. आमच्याकडेही तेच. खाली पानांचा वितभर थर, म्हणजे पुढच्या मक्याला खत. पोत्यातून न आलेलं.

दिवस सातवा: त्याच गावात

रात्री त्यांच्याकडेच राहिले. सकाळी बाईंनी नसिमा केली. पाणी उकळलं, मक्याचं पांढरं पीठ थोडं टाकून पेज केली, मग मूठमूठ पीठ घालत लाकडी मोठ्या चाटूनं घोटत राहिल्या. शेवटी दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, खांदे भरून येतात. जेवायच्या आधी धाकट्या मुलीनं प्रत्येकाच्या हातावर पाणी ओतलं. नसिमाबरोबर अख्खा नंदोलो, मीठ आणि टोमॅटो घालून शिजवलेला. मी आमच्या वरणाबद्दल सांगितलं. दाणा सोलून, दोन फाका करून, घोटून खातात यावर त्यांचा विश्वास बसेना. एवढं कष्टाचं साल काढून टाकायचं?

दहाच्या सुमारास लहान व्यापारी आला. सायकल, मागं रिकामी पोती, हातात लटकता ताणकाटा. बाईंनी आधीच एक डबा भरून मोजून ठेवला होता, त्यामुळे काटा कुठं उतरतो ते त्यांना ठाऊक होतं. घासाघीस झाली. चार पोत्यांपैकी दोन दिली, दोन ठेवली. आलेले पैसे त्यांनी माझ्यासमोर तीन ढिगांत ठेवले: मक्याला, नातवाच्या शाळेला, आणि तिसरा, सगळ्यात लहान, खताला. सरकारी यादीत नाव नाही, तर विकत घ्यायचं. म्हणजे यंदा या घराचं अन्न नंदोलोवर अवलंबून. पोत्याची योजना तिथं पोचलीच नाही.

हे त्या शेतात उभं राहून म्लांगिझीशी बोलले. तो म्हणाला, आराखड्यात शेंगवर्ग आहे, बियाणंही अधूनमधून येतं. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या मदतीनं आलेलं, मध्यम मुदतीचं एक वाण त्यानं गावात दिलं आहे, 'म्वायवाथु आलिमी'. नावाचा अर्थ आम्हा शेतकऱ्यांचं भाग्य. पण मक्यासाठी त्याला आठवड्याला अहवाल पाठवावा लागतो, नंदोलोसाठी कोणी काही विचारत नाही. मला वाटतं, वरून काय विचारलं जातं त्यावरच खालचा माणूस धावतो. तुरीचा भाव, तुरीचा साठा, तुरीचं गिऱ्हाईक हे आकडे लिलाँग्वेच्या त्या कपाटापर्यंत दर आठवड्याला गेले पाहिजेत. आणि आपल्याकडूनही यायला हवेत. दोन्हीकडचा पेरा आणि दोन्हीकडची गरज एकमेकांना कळली, तर अकरा दिवसांची रांगही टळेल आणि कोरी पानंही.

निघताना बाईंनी मूठभर बियाणं पदरात घातलं. मी ते परत त्यांच्या हातात ठेवलं. बाहेरच्या देशातलं बी असं नेता येत नाही, त्यातून कीड-रोग जातात, हे मी नोकरीभर लोकांना सांगत आले. त्यांना वाईट वाटलं. मग त्याच मूठभर दाण्यांत थोडी भर घालून त्यांनी ते चुलीवर चढवले, आणि शिजेपर्यंत आम्ही पुन्हा बसलो.

तेव्हा त्यांनी विचारलं, "मायी, तुमचं सरकार पुढच्या वर्षीही घेईल ना? डिसेंबरात किती टोकू?"

मला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. तूर विनाशुल्क आयात करायची मुदत तेव्हा ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. पन्नास हजार टनांचा करार २०२५-२६ पर्यंत. पुढचं ठरलेलं नव्हतं. सगळा नंदोलो लावू नका, भुईमूगही लावा, दोन पोती आज ठेवलीत तशी दरवर्षी ठेवा.

म्लांगिझीनं पिशवीतून वही काढली. पहिल्या पानावर त्याच्या गावांच्या पेरणीच्या तारखा होत्या. त्यांच्याखाली एक रेघ ओढून त्यानं लिहिलं: नंदोलो, भारत, ३१ मार्च. मग मला म्हणाला, "तारीख बदलली तर कळवाल ना?" मी माझा नंबर त्याच पानावर लिहून दिला.